पुण्याच्या हवेत पिस्तुलाच्या मॅगझीनची निगा

दहा मीटर एअर पिस्तुलात मॅगझीन, म्हणजे काडतुसे भरून ठेवणारी आणि एकेक वर सरकवणारी पेटी, नसते. छर्रा हाताने भरायचा, नेम धरायचा आणि सोडायचा. स्वप्नील कुसाळे याने २०२४ मध्ये पॅरिसला ज्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या प्रकारातल्या रायफलीतही प्रत्येक काडतूस स्वतंत्रपणे भरावे लागते. त्यामुळे पुण्यात नेमबाजी शिकणारी बहुतेक मुले काही वर्षे मॅगझीनला हात न लावताच तयार होतात, आणि २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तुलाकडे वळल्यावर पहिल्यांदा हा भाग त्यांच्या हातात येतो. नळी कशी साफ करायची हे त्यांना कोणी ना कोणी शिकवलेले असते. मॅगझीनचे मात्र कोणी फारसे सांगत नाही, आणि राऊंड, म्हणजे काडतुसे, अडकू लागली की दोष काडतुसाला, नाहीतर पिस्तुलाला दिला जातो.

२५ मीटरच्या खेळात हे दुर्लक्ष महागात पडते. रॅपिड फायर प्रकारात पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या आठ, सहा आणि शेवटी अवघ्या चार सेकंदांत सोडायच्या असतात. त्या चार सेकंदांत एक काडतूस वर यायला कचरले तरी मालिका हातची गेली. आंतरराष्ट्रीय नियमांत काही बिघाड मान्य केले जातात, पण त्यांनाही मर्यादा आहे. आणि मॅगझीन नीट बसवलेले नव्हते किंवा मालिका चालू असताना ते खाली पडले, तर यंत्रणेतच मोडतोड झालेली असल्याखेरीज तो बिघाड मान्य होत नाही. म्हणजे मॅगझीनच्या निगेची जबाबदारी नियमानेच खेळाडूवर टाकलेली आहे.

हे मार्गदर्शन मुख्यतः .२२ एलआर (लाँग रायफल) या छोट्या काडतुसाच्या स्पोर्ट्स पिस्तुलासाठी आहे. स्वसंरक्षणाच्या परवान्यावर .३२ पिस्तूल बाळगणाऱ्यांनाही त्यातला बराच भाग लागू पडतो. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो: मॅगझीन स्वच्छ आणि जवळजवळ कोरडे असले पाहिजे. पुण्याचा पावसाळा पाहिला की गंजाच्या भीतीने हात आपोआप तेलाच्या बाटलीकडे जातो, आणि मॅगझीनच्या बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात.

मळ येतो कुठून

.२२ एलआरची गोळी साध्या शिशाची असते आणि तिच्यावर बाहेरून मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ थर दिलेला असतो. काडतुसे मॅगझीनमध्ये वर-खाली सरकतात तेव्हा हा थर आतल्या भिंतींना आणि फॉलोअरला, म्हणजे काडतुसांना खालून वर ढकलणाऱ्या पट्टीला, थोडा थोडा लागत जातो. दुसरीकडे, ही पिस्तुले साध्या ब्लोबॅक पद्धतीची असतात. बोल्टला, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या भागाला, कुलूप नसते, तो केवळ आपल्या वजनावर आणि स्प्रिंगच्या जोरावर बंद राहतो. गोळी सुटल्यावर काडतुसाची रिकामी केस, म्हणजे धातूचे नळकांडे, मागे येताना उरलेल्या वायूचा काही भाग काजळी घेऊन मागे फुटतो आणि थेट मॅगझीनच्या तोंडावर बसतो. त्या काजळीत न जळलेल्या दारूचे कण असतात, तसेच प्रायमरमधून (काडतुसाच्या तळातल्या, दारू पेटवणाऱ्या मिश्रणातून) आणि गोळीतून आलेले शिसेही असते.

मेण आणि काजळी एकत्र आली की गडद करड्या रंगाचा चिकट लेप तयार होतो. मॅगझीन उघडून फॉलोअरच्या कडेवरून नख फिरवले, तर हा लेप नखाखाली जमा होतो आणि फॉलोअरची कड त्याखालून चमकदार दिसू लागते. पुण्यात त्याला तिसरी गोष्ट येऊन मिळते, ती म्हणजे धूळ. बालेवाडी, बाणेर, म्हाळुंगे या पट्ट्यात बांधकामे सतत चालू असतात आणि मार्च ते मे या काळात उन्हाच्या वाऱ्याबरोबर सिमेंटची व मातीची बारीक धूळ सगळीकडे पसरते. मॅगझीनमध्ये आधीच तेल असेल तर ही धूळ त्यात रुतते, आणि वंगण म्हणून घातलेले तेल घासण्याच्या लेपाचे काम करू लागते.

स्प्रिंगने पुढचे काडतूस वर आणायचे असते ते बोल्ट मागे जाऊन परत पुढे येईपर्यंतच्या अवधीत, म्हणजे डोळ्याचे पाते लवायच्या आत. फॉलोअर त्या लेपात किंचित जरी अडखळला तरी बोल्ट काडतुसाच्या वरून निघून जातो, किंवा काडतूस अर्धवट वर आलेले असताना त्याच्या मध्येच आदळतो. कडकडीत उन्हाळ्यात मेण मऊ असते म्हणून मॅगझीन चालून जाते, आणि डिसेंबरच्या गार सकाळी तेच मेण घट्ट होऊन पहिल्याच मालिकेत अडथळा येतो, असेही घडते.

काम सुरू करण्यापूर्वी

पिस्तूल आणि मॅगझीन यांची साफसफाई एकाच बैठकीत करायची असली तरी क्रम बदलू नये. आधी मॅगझीन काढावे, मग स्लाइड किंवा बोल्ट मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा, डोळ्यांनी पाहावे, बोटानेही चाचपून पाहावे, आणि सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामे असल्याचे दाखवणारी रंगीत पट्टी) घालूनच पिस्तूल बाजूला ठेवावे. मॅगझीन आधी काढून मग चेंबर पाहायचे, उलट नाही. चेंबर आधी रिकामे केले आणि मॅगझीन तसेच राहिले तर बोल्ट पुढे येताना नवे काडतूस पुन्हा आत जाते. त्यानंतर प्रत्येक मॅगझीनमधली काडतुसे एकेक करून बाहेर काढावीत, मोजावीत, आणि सगळी काडतुसे दुसऱ्या खोलीत, कुलपात ठेवावीत. ज्या टेबलावर द्रावक आणि तेल आहे, त्या टेबलावर जिवंत काडतूस असता कामा नये. याचे पहिले कारण अर्थातच सुरक्षितता हे आहे. दुसरे कारण असे की पातळ, झिरपणारे तेल केस आणि गोळी यांच्या फटीतून आत शिरून काडतूस निकामी करू शकते.

जागा निवडताना शिसे ध्यानात ठेवावे. स्वयंपाकघराचा ओटा, जेवणाचे टेबल किंवा लहान मुले रांगतात ती सतरंजी या कामासाठी वापरू नये. बाल्कनी किंवा खिडकीजवळचे टेबल चांगले. त्यावर जुनी वर्तमानपत्रे अंथरावीत आणि काम झाल्यावर ती गुंडाळून, पिशवीत बांधून टाकावीत. नायट्राइलचे हातमोजे घालावेत. मॅगझीनमधली काजळी तोंडाने फुंकू नये आणि हवेच्या झोताने उडवूही नये, कारण तीच धूळ मग श्वासातून आत जाते. काम संपल्यावर हात साबण आणि थंड पाण्याने धुवावेत, आणि तोवर चहाच्या कपाला हात लावू नये. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टर्पेंटाइन लवकर पेट घेतात, म्हणून जवळ गॅस, उदबत्ती किंवा देवघरातली समई पेटलेली नसावी.

साहित्य फारसे लागत नाही. नायलॉनच्या केसांचा बारीक ब्रश, टूथब्रशसारखा एक थोडा मोठा ब्रश, जुन्या सुती बनियनचे किंवा मलमलीचे धुतलेले तुकडे, कापसाच्या काड्या, लाकडी काड्या, आणि बेसप्लेटचे, म्हणजे मॅगझीनच्या तळाच्या झाकणाचे, बटण दाबायला लाकडाचा किंवा पितळेचा बोथट पंच. द्रावक म्हणून केमिस्टकडे मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरते. मेण फारच साचले असेल तर रंगाच्या दुकानातले मिनरल टर्पेंटाइन त्याला लवकर सोडवते. थिनर आणि अ‍ॅसिटोन मात्र वापरू नये. लोखंडी मॅगझीनला त्याने काही होणार नाही, पण फॉलोअर आणि बेसप्लेट बहुधा पॉलिमरची असतात, आणि त्यांचा पृष्ठभाग त्याने विरघळू किंवा ठिसूळ होऊ शकतो. तेल म्हणून बंदुकीचे पातळ तेल हवे. ते नसेल तर शिलाई मशीनचे तेल चालते. खोबरेल किंवा स्वयंपाकाचे कोणतेही तेल कधीच नको, कारण खोबरेल गारव्यात गोठते, आणि स्वयंपाकाची इतर तेले बहुधा हवेने चिकट होऊन पुढे वार्निशसारखी घट्ट बसतात. डोळ्यांना चष्मा असावा, कारण यापुढचे काम स्प्रिंगशी आहे.

उघडणे

ज्या मॅगझीनचे मॅन्युअल उपलब्ध आहे ते आधी वाचावे. काही मॅगझीन कारखान्यातच बंद केलेली असतात आणि ती उघडण्यासाठी बनवलेलीच नसतात; अशा मॅगझीनची बेसप्लेट स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये. ती आहेत तशीच, तोंडाच्या बाजूने ब्रश आणि काडी आत घालून साफ करावी लागतात.

जी उघडतात त्यांत साधारणपणे बेसप्लेटच्या मध्यभागी एक छिद्र असते आणि आतल्या पट्टीचा उंचवटा त्या छिद्रातून दिसतो. पंचने तो उंचवटा आत दाबून धरायचा आणि बेसप्लेट खाचेतून हळूहळू सरकवायची. ती जेमतेम अर्धी सरकली की दुसऱ्या हाताचा अंगठा तळावर आडवा धरावा, कारण दाबलेली स्प्रिंग बाहेर यायची वाटच पाहत असते. पहिल्या काही वेळा हे सगळे एका मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून करावे. स्प्रिंग सुटली तरी ती पिशवीतच राहते आणि आतली छोटी पट्टी कपाटाखाली हरवत नाही. स्पोर्ट्स पिस्तुलाच्या अनेक मॅगझिनांना फॉलोअर खाली ओढण्यासाठी बाजूला एक छोटे बटण असते. ते आणि फॉलोअर एकमेकांत अडकलेले असल्याने दोन्ही कोणत्या क्रमाने सुटतात हे नीट पाहावे, जोर लावू नये.

सगळे भाग बाहेर येण्याआधी आणि आल्यानंतर मोबाइलवर एकेक फोटो काढून ठेवावा. स्प्रिंगचे वरचे आणि खालचे टोक सारखे नसते. वरचा वेढा बहुतेक वेळा फॉलोअरच्या उताराप्रमाणे तिरपा वळवलेला असतो, आणि स्प्रिंग उलटी बसली तर फॉलोअरचे पुढचे टोक खाली झुकते. असे मॅगझीन वरवर व्यवस्थित दिसते, पण काडतुसे नाक खाली घालून वर येतात. एका वेळी एकच मॅगझीन उघडावे. दोन मॅगझिनांच्या स्प्रिंगा एकाच मेजावर आल्या की त्या अदलाबदल होतात, आणि मग कोणत्या मॅगझीनमध्ये दोष आहे हे शोधणे कठीण होऊन बसते.

साफ करणे

या कामात घाई करण्याजोगे काही नाही आणि फार वेळ घालवण्याजोगेही काही नाही. आधी कोरड्या ब्रशने सुटी काजळी खाली पाडावी. मग कापडाचा तुकडा द्रावकात बुडवून, पिळून, लाकडी काडीला गुंडाळून मॅगझीनच्या नळीतून एका बाजूने दुसऱ्या बाजूला न्यावा. आतले कोपरे, विशेषतः मागची भिंत जिथे केसच्या कडा घासत जातात, तिथे लेप सर्वांत जाड असतो. तिथे कापसाची काडी द्रावकात भिजवून मिनिटभर टेकवून ठेवावी आणि मग घासावे. कापड पांढरे बाहेर येईपर्यंत तुकडे बदलत राहावेत. एकच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवला तर मळ निघत नाही, तो नुसता पसरतो.

फॉलोअर पुसताना त्याच्या दोन्ही बाजू नीट पाहाव्यात. एकाच बाजूला ओरखडे किंवा चमक असेल तर तो तिरका चालतो आहे आणि नळीत कुठेतरी खड्डा किंवा पोचा आहे, असे समजावे. स्प्रिंग कापडाच्या चिमटीत धरून टोकापासून टोकापर्यंत ओढावी; ती ताणू नये आणि दाबून पिळूही नये. बाजूच्या बटणाची खाच लाकडी काडीने स्वच्छ करावी, कारण मेणाची एक छोटी गाठ त्या खाचेच्या टोकाला बसते आणि फॉलोअर शेवटचे दोन मिलिमीटर वर येत नाही. शेवटचे काडतूसच नेमके अडकत असेल तर सगळ्यांत आधी ती खाच पाहावी.

मॅगझीन पाण्याने धुवावे का, असे अनेक जण विचारतात. संपूर्ण पॉलिमरचे मॅगझीन कोमट साबणाच्या पाण्याने धुतले तरी चालते, मात्र स्प्रिंग वेगळी काढूनच. पोलादी मॅगझीनला जून ते सप्टेंबर या काळात मी पाणी लावू देत नाही. पंख्याखाली दिवसभर ठेवले तरी दुमडलेल्या पत्र्याच्या सांध्यात ओल राहते आणि गंज आतून धरतो. अल्कोहोल उडून जाते, म्हणून पावसाळ्यात तेच योग्य.

तेल किती आणि का नाही

मॅगझीनमध्ये तेलाचे काम फक्त गंज रोखण्यापुरते असते. फॉलोअर सरकायला तेल लागत नाही. त्याच्यासाठी कोरडी, स्वच्छ भिंतच पुरेशी असते. म्हणून तेल थेट मॅगझीनमध्ये सोडू नये आणि स्प्रेचा फवारा तर कधीच मारू नये. स्वच्छ कापडाच्या तुकड्यावर दोन थेंब घ्यावेत, ते कापडात जिरू द्यावेत, त्या कापडाने नळी आतून-बाहेरून आणि स्प्रिंग एकदा पुसावी, आणि लगेच दुसऱ्या, पूर्ण कोरड्या कापडाने सगळे पुन्हा पुसून घ्यावे. बोट फिरवल्यावर बोटाला तेलाचा ओशटपणा जाणवला तर अजून एकदा पुसावे. पत्र्यावर जो अदृश्य थर उरतो तो गंज रोखायला पुरेसा असतो. पॉलिमरच्या भागांना तेलाची गरज नाही.

बिजागऱ्या आणि कुलपे सोडवण्यासाठी मिळणारे झिरपणारे स्प्रे काही जण मॅगझीनसाठी वापरतात. ते पाणी हटवण्याचे काम चांगले करतात, म्हणून पावसात भिजलेल्या पिस्तुलावर तातडीचा उपाय म्हणून त्यांना हरकत नाही. पण मॅगझीनमध्ये ते राहू देऊ नयेत. कारण दुहेरी आहे: उडून जाताना ते चिकट थर मागे ठेवतात, आणि काडतुसांपर्यंत पोहोचले तर दारू आणि प्रायमर यांना धोका असतो.

गंजाची खरी लढाई साठवणुकीत जिंकायची असते. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याची हवा दिवसेंदिवस दमट राहते, भिंतीतल्या लोखंडी कपाटात तर अधिकच. मॅगझीन चामड्याच्या पाऊचमध्ये किंवा पिस्तुलाच्या पेटीतल्या फोममध्ये महिनोन्‌महिने ठेवू नये. चामडे आणि फोम ओल धरून ठेवतात आणि जिथे ते पत्र्याला टेकतात तिथेच पहिले तपकिरी ठिपके उमटतात. रेंजवर नेताना पेटी वापरावी, घरी आल्यावर मॅगझीन बाहेर काढून रबरी कडेच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. रंग बदलणारी सिलिका जेल घेतली तर ती ओलीने कधी भरली ते कळते. हा डबाही कायद्याने शस्त्रासाठी असलेल्या कुलूपबंद कपाटातच राहिला पाहिजे हे वेगळे सांगायला नको. पावसातून रेंजवरून घरी आल्यावर पेटी तशीच बंद ठेवून झोपू नये, एवढी एक सवय लावली तरी निम्मा गंज टळतो.

घामाकडेही लक्ष द्यावे. काहींच्या तळहाताच्या घामात क्षार जास्त असतात आणि मे महिन्यातल्या सरावानंतर त्यांच्या बोटांचे ठसे काळ्या पॉलिशवर गंज होऊन उमटतात. अशांनी प्रत्येक सरावानंतर मॅगझीन बाहेरून पुसूनच ठेवावे. ठिपका आलाच तर तेलाचा थेंब आणि नायलॉनचा ब्रश वापरून तो हळूहळू घालवावा. सँडपेपर लावू नये. काळे पॉलिश हाच गंजाविरुद्धचा पहिला थर असतो, आणि सँडपेपरने तो निघून गेल्यावर त्या जागी गंज अधिक वेगाने परत येतो.

लिप्स

मॅगझीनच्या तोंडाशी आत वळलेल्या दोन कडांना सगळे लिप्स म्हणतात. काडतूस किती उंचीवर थांबेल, कोणत्या कोनात चेंबरकडे जाईल आणि नेमके कधी सुटेल, हे सगळे या दोन पातळ कडा ठरवतात. म्हणून साफसफाईच्या वेळी सर्वांत जास्त वेळ यांच्याकडे पाहण्यात घालवावा. खिडकीच्या उजेडात मॅगझीन मागून धरावे आणि दोन्ही कडा समान उंचीवर आहेत का, एखादी बाहेर फाकली आहे का, हे पाहावे. मागच्या कोपऱ्यांत, जिथे पत्रा वळतो तिथे, केसासारखी बारीक भेग आहे का हे भिंगाखाली तपासावे. भेगा बहुधा तिथूनच सुरू होतात. कडेवर नख फिरवले असता नख अडकले तर तिथे खवला उठला आहे, आणि तो खवला शिशाची गोळी तासत राहील.

मॅगझीन नवे असतानाच व्हर्नियर कॅलिपरने लिप्समधले अंतर पुढे, मध्ये आणि मागे मोजून लिहून ठेवावे. पुढे शंका आली की तुलना करायला तो आकडा हाताशी असतो. सर्व पिस्तुलांना लागू होईल असा एकच आकडा सांगता येत नाही. आपल्याच मॅगझीनचा मूळ आकडा हा खरा संदर्भ.

लिप्स बहुतेक वेळा बिघडतात त्या मॅगझीन तोंडावर पडल्यामुळे. रेंजच्या सिमेंटच्या फरशीवर मॅगझीन पडले तर ते त्या सत्रात पुन्हा वापरू नये, बाजूला ठेवून तपासावे. आणि वाकलेली लिप पकडीने वळवून सरळ करण्याच्या फंदात पडू नये. पत्रा एकदा वाकून परत वाकवला की तो त्या जागी कमकुवत होतो, आणि अंतरातला दशांश मिलिमीटरचा फरकही काडतूस वेळेआधी सोडायला पुरेसा असतो. शिवाय शस्त्राची दुरुस्ती हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याचा विषय आहे. पुसणे आणि तेल लावणे ही मालकाची कामे, लिप्स वाकवणे, कानस लावणे ही परवानाधारक दुरुस्तीकाराची. स्पोर्ट्स पिस्तुलाच्या बाबतीत माझा सल्ला असा की दुरुस्तीपेक्षा नवे मॅगझीनच घ्यावे.

जोडणी, भरणे आणि चाचणी

जोडताना उघडण्याचा क्रम उलटा करायचा आणि काढलेल्या फोटोशी ताडून पाहायचे. जोडून झाल्यावर लाकडी काडीने फॉलोअर तळापर्यंत दाबून हळूहळू सोडावा. तो कुठेही न थांबता, एकाच वेगाने, तोंडापर्यंत आला पाहिजे. मध्येच थांबत असेल तर मॅगझीन पुन्हा उघडावे. वापरून वापरून ते मोकळे होईल या आशेवर राहू नये.

त्यानंतर रिकामे मॅगझीन पिस्तुलात बसवून खाली हलकेच ओढून पाहावे. मॅगझीन धरून ठेवणारा खटका खाचेत पक्का बसला असेल तर ते जागचे हलत नाही. ही खाच झिजते, विशेषतः मॅगझीन दर वेळी धाडकन आत ढकलण्याची सवय असेल तर. मालिका चालू असताना मॅगझीन खाली आल्याचे मी रेंजवर पाहिले आहे आणि कारण दर वेळी दोनांपैकी एक निघाले: झिजलेली खाच, किंवा बसवल्यावर ओढून न पाहणे. दुसऱ्या कारणाला पैसे लागत नाहीत, म्हणून ते तरी टाळावे.

घरी चाचणी घ्यायची तर प्लास्टिकच्या किंवा धातूच्या डमी राऊंडनेच घ्यावी. जिवंत काडतुसे घालून बोल्ट मागे-पुढे करणे घरात कोणत्याही कारणाने मान्य होण्यासारखे नाही. खरी चाचणी रेंजवर, फायरिंग लाइनवर, रेंज ऑफिसरच्या परवानगीने. प्रत्येक मॅगझीनमधून किमान दोन-तीन पूर्ण मालिका, स्पर्धेत वापरणार तीच काडतुसे घेऊन, मारून पाहाव्यात. आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री मॅगझीन उघडू नये. उघडायचे असेल तर त्यानंतर एक तरी सराव मिळेल इतके आधी उघडावे.

काडतुसे भरताना एक गोष्ट विसरू नये. .२२ एलआरच्या केसच्या तळाला बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे असेल तर ते सहज पुढे सरकते. ती मागे राहिली तर दोन्ही कडा एकमेकींत अडकतात आणि बोल्टने कितीही ढकलले तरी काडतूस सुटत नाही. .३२ पिस्तुलाच्या काडतुसाची कड तितकी मोठी नसली तरी ती अर्धवट बाहेर असतेच, त्यामुळे हा अडथळा तिथेही येतो. उपाय साधा आहे: प्रत्येक काडतूस पुढून मागे, पूर्ण मागच्या भिंतीपर्यंत सरकवावे, एकावर एक भरताना वरचे किंचित पुढे राहील याकडे पाहावे, आणि शेवटी मॅगझीन हातात धरून आतली रांग एकदा डोळ्यांखालून घालावी. बाजूचे बटण असेल तर ते अंगठ्याने फक्त एका काडतुसाच्या उंचीइतकेच खाली ओढावे. ते तळापर्यंत ओढून धरले तर काडतुसे आत हवी तशी पडतात आणि कडा उलटसुलट होतात.

नोंदवही

प्रत्येक मॅगझीनच्या बेसप्लेटवर पक्क्या शाईने क्रमांक लिहावा आणि एका छोट्या वहीत त्या क्रमांकाखाली साफसफाईची तारीख, अंदाजे राऊंड आणि आलेले अडथळे लिहावेत. अडथळा कसा आला हेही एका ओळीत लिहावे: गोळी नाक खाली घालून अडकली, रिकामी केस उभी राहिली, बोल्ट रिकाम्यावर बंद झाला, शेवटच्या राऊंडनंतर बोल्ट उघडा थांबला नाही. महिनाभराची पाने समोर ठेवली की चित्र स्पष्ट होते. अडथळे एकाच क्रमांकाखाली जमा होत असतील तर दोष त्या मॅगझीनमध्ये आहे. सगळ्या क्रमांकांखाली सारखेच विखुरले असतील तर एक्स्ट्रॅक्टर (रिकामी केस बाहेर ओढणारा आकडा), चेंबर किंवा काडतुसांचा लॉट तपासायला हवा. नाक खाली घालणारी गोळी आणि बंद होणारा बोल्ट ही मंदावलेल्या स्प्रिंगची किंवा तिरप्या फॉलोअरची लक्षणे असतात. दोन काडतुसे एकदम वर येत असतील तर लिप्स फाकल्या आहेत.

मॅगझीन भरून ठेवल्याने स्प्रिंग बसते, असे अनेक जण मानतात. चांगल्या पोलादाची स्प्रिंग तिच्या ठरलेल्या मर्यादेत दाबून ठेवली तर फारशी बिघडत नाही; ती थकते ती वारंवार दाबून-सोडून आणि मर्यादेबाहेर दाबल्याने. तरीही क्रीडा पिस्तुलाचे मॅगझीन भरून ठेवण्याचे काही कारणच नाही, आणि सुरक्षिततेसाठी ते रिकामेच ठेवले पाहिजे. स्प्रिंग थकली आहे का हे नव्या स्प्रिंगशेजारी ती उभी करून पाहावे. लांबीत दोन-तीन वेढ्यांचा फरक दिसला तर बदलावी. ताणून लांब केलेली स्प्रिंग दोन दिवस बरी चालते आणि मग आधीपेक्षा वाईट होते. परदेशी पिस्तुलांचे सुटे भाग मागवायला वेळ लागतो, म्हणून एक स्प्रिंग हंगामाच्या आधीच घेऊन ठेवलेली बरी.

पूर्ण साफसफाई किती वेळाने करावी हे काडतुसांवर अवलंबून आहे. मेणाचा थर जाड असलेल्या काडतुसांसाठी मी साधारण ५०० राऊंडांचे माप धरतो. त्याआधी मन साशंक झाले तर त्याआधी. रोजच्या सरावानंतर लिप्स आणि फॉलोअरचा वरचा भाग कोरड्या कापडाने पुसणे एवढेच पुरते, त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

परवान्यावरच्या .३२ पिस्तुलाचे गणित निराळे आहे. त्यातून वर्षाला मोजकीच काडतुसे सुटतात, गोळीवर तांब्याचे आवरण असल्यामुळे मेण नसते, आणि मॅगझीन मळण्यापेक्षा पडून राहून बिघडते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेक परवानाधारकांना शस्त्र जमा करावे लागते आणि ते काही आठवडे तिथेच राहते. जमा करण्यापूर्वी मॅगझीन रिकामे करून, वर सांगितल्याप्रमाणे पुसून, तेलाचा अदृश्य थर देऊन द्यावे आणि पिस्तुलासोबत किती मॅगझीन दिली हे पावतीवर लिहून घ्यावे. परत मिळाल्यावर त्याच आठवड्यात ती उघडून स्प्रिंगचा खालचा वेढा आणि बेसप्लेटची आतली बाजू पाहावी, कारण ओल खाली उतरते आणि गंज तिथे सर्वांत आधी दिसतो.

भेग पडलेले, खोल गंजलेले किंवा लिप्स फाकलेले मॅगझीन सरावासाठीही ठेवू नये. त्याच्या बेसप्लेटवर लाल फुली मारून ते इतरांपासून वेगळे ठेवावे, म्हणजे स्पर्धेच्या गडबडीत पेटीत जात नाही. ते भंगारवाल्याला देऊ नये, ओळखीच्या नेमबाजालाही सहज म्हणून देऊ नये. शस्त्र अधिनियमातल्या शस्त्राच्या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात, त्यामुळे निकामी मॅगझीन परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे पावती घेऊन जमा करावे आणि ती पावती परवान्याच्या कागदांसोबत ठेवावी.